धोंडबाची रेघ

हुकाचं टोक बोथट झालं होतं. छत्रीची काडी घासून केलेला, वीतभर लांब, मुठीपाशी चिंधी गुंडाळलेला तो हूक प्रेमिलाने खिडकीच्या उजेडात धरला आणि अंगठ्याच्या नखावरून ओढून पाहिला — ओरखडासुद्धा उठेना. चिंधीचा मूळ रंग कोणता होता ते आता सांगता आलं नसतं. नवऱ्याच्या, धोंडबाच्या मुठीचा घाम पिऊन पिऊन ती कातड्यासारखी गुळगुळीत झाली होती. अकरा वर्षं हा हूक फळीवर पडून होता. त्याची गरजच पडली नव्हती. गरज पडू नये अशीच तर सारी रीत बांधलेली — मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की तो पुरता काढायचा नाही, फणीत हातभर धागे तसेच अडकलेले ठेवायचे, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या एकेका धाग्याला पीळ देऊन सांधायचा. म्हणजे फणीच्या चौदाशे फटी पुन्हा नव्याने भरायला नकोत. राखेत बोट बुडवायचं, जुना धागा, नवा धागा, पीळ. जुना, नवा, पीळ. दोन-अडीच दिवस मान मोडून बसलं की झालं. असे किती ताणे सांधले, त्याची गणती नाही. आजचाही तसाच सांधता येईल... तसाच सांधावा. कोण विचारतंय!

तर अरुंधती मॅडम विचारत होत्या. रामदासपेठेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं, आणि प्रेमिलाच्या मागावरची सुती साडी आता तेवढ्या एका दुकानात जायची. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, दोन शब्द तोंडावर मारून मोकळं होता आलं असतं. पण त्या खुर्ची देतात, थंडगार पाणी देतात आणि मग हळू आवाजात म्हणतात, "काकू, गिऱ्हाईक साडी खिडकीशी नेऊन बघतं हो. ही रेघ दिसते. दोन परत आल्या. पुढची अशीच आली तर मला ठेवून घेता येणार नाही." साडीवरून हात फिरवला तर रेघ लागत नाही. घडी घातली तर दिसत नाही. पण उजेडावर धरली की उजव्या काठापासून तिसऱ्या हिश्श्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढी फट. फणीच्या एकेका फटीतून दोन दोन धागे जातात. तिथली एक फट भरायची राहून गेली आहे. आणि दरवेळी नवा ताणा जुन्यालाच सांधायचा म्हटल्यावर ती चूकही इमानदारीने पुढे सांधली जाते. अकरा वर्षं सांधली गेली. नाईक तलावाच्या मागच्या या गल्लीत निम्म्या घरांत माग होते तेव्हा लोक तिला धोंडबाची रेघ म्हणायचे. कुणाची साडी ते ओळखायला बरी पडते, म्हणून हसायचे. धोंडबाही हसायचा.

एकदा तिने त्या रिकाम्या फटीत दोन जादा धागे ओवून मागे लोखंडी नट बांधून लटकवूनही पाहिले होते. पण एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते धागे इतर धाग्यांबरोबर ताणात राहीनात, कधी ढिले पडत, कधी फटकन तुटत, आणि रेघेच्या जागी सुरकुती दिसायला लागली. शिवाय तो नट दिवसभर टक टक वाजायचा. चार दिवसांत तिने तो कापून टाकला. खरा इलाज एकच होता: रेघेपासून उजव्या काठापर्यंतचे सारे धागे फणीतून ओढून काढायचे आणि एकेक फट सरकवून पुन्हा भरायचे. साडेचारशे फटी. त्यालाही दोन माणसं लागतात, एक मागून धागे देणारं आणि एक पुढून हुकाने ओढणारं. आणि धोंडबाला तर काचबिंदूने दाराचा उजेड आणि माणसाची सावली, एवढंच ठेवलं होतं.

मागावरून उतरवलेली फणी आड्याला दोन सुतळ्यांनी टांगलेली होती, अलीकडे-पलीकडे जुन्या ताण्याची हातभर झालर. तिच्यासमोर प्रेमिला सकाळपासून बसून होती. राखेची वाटी जवळ होती, हूकही जवळ होता, आणि यांतलं काहीच उचलावंसं वाटत नव्हतं. थकवा असा की झोपून जाणार नाही. रात्री सात तास झोपूनही तो सकाळी उशाशी बसलेलाच. मग मनात एक हलकट विचार येतो, आणि थकलेल्या माणसाला तो हलकट वाटतही नाही — जुन्यालाच सांधून टाकू. रेघ येईल. साडी परत येईल. मॅडम हळू आवाजात नाही म्हणतील. मग माग आपोआप बंद होईल. बंद केला असं कुणालाच म्हणावं लागणार नाही. लेक, रोशनी, तर वाटच बघते आहे. नंदनवन वस्तीत दुसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट आहे, आईबाबांसाठी खोली तयार आहे, कूलर नवा आणला आहे. त्या खोलीत खाट मावते, माग मावत नाही. लाकडं कुणी तरी नेईल. हॉटेलात शोभेला ठेवतात म्हणे हल्ली.

फक्त एवढंच की मग माग रेघेमुळे बंद पडला असं होईल. आणि रेघ धोंडबाची.

ती त्याची नाही. माझी आहे... हे वाक्य अकरा वर्षांत तिने मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं. आज ते आपणहून आलं, आणि काही झालं नाही. गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. दारातल्या खाटेवर धोंडबा रहाट फिरवत आडव्या धाग्याच्या कांड्या भरत होता, बोटाच्या अंदाजाने; कांडी भरली की थांबायचा, गालाला लावून पाहायचा, टोपलीत टाकायचा.

तेव्हाही एप्रिलच होता. जुनी फणी गंजून तिचे डाग कापडावर उतरायला लागले म्हणून नवी आणली होती आणि चौदाशेच्या चौदाशे फटी भरणं भाग होतं. धोंडबा पुढे हूक घेऊन, ती मागे धागे द्यायला. रोशनीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, आणि एका मागाने ते निभत नव्हतं. ही गोष्ट धोंडबासमोर बोलायची नव्हती. माग घर चालवतो, बाकी कुणी चालवत नाही, हा त्याचा ताठा. दुसरा कुठलाही ताठा त्या माणसात नव्हता, म्हणून हा एक तिला मोडवत नव्हता. म्हणून पहाटे उठून ती कळमन्याच्या बाजारात मिरची निवडायला जायची. लाल मिरचीच्या ढिगाशी बसून देठं खुडायची, पांढरी पडलेली मिरची बाजूला काढायची, नऊ-दहापर्यंत. घरी सांगितलं होतं, पारडीच्या बहिणीकडे नात्याचं बाळ आलं आहे, त्याला न्हाऊमाखू घालायला जाते. बाळ होतं, पण उमरेडला होतं. ती घरी यायची, मोरीत घासूनघासून हात धुवायची, तेल चोळायची, आणि धोंडबा रहाटाशी बसल्या बसल्या विचारायचा, बाळ कसं हाये? मग ती सांगायची. पालथं पडायला लागलं. रांगते आता. एकदा तर तिने त्याला दोन दात आणले होते, चार महिन्यांच्या पोराला. तिलाच नंतर हिशेब लागला आणि ती शरमेने भाजीच करपवून बसली. लवकर आले, एवढंच धोंडबा म्हणाला.

त्या फणीच्या दिवशी कळमन्याहून आल्यावर जेवणही न करता ती मागे बसली. हात भाजत होते. दोन धागे सुटे करायचे, बोटाच्या चिमटीत पुढे धरायचे, हूक येतो, नेतो. दोन धागे, हूक. दोन धागे... आणि डोळा लागला. किती वेळ? एक क्षण, की पाव तास, ते तिला कधीच कळलं नाही. दचकून जागी झाली, घाईने धागे पुढे केले, हूक आला, घेऊन गेला. त्याला काही कळलं नसावं. आठ दिवसांनी पहिली साडी उतरली, दोघांनी ती दारात धरली, आणि उजेडात ती रेघ लखलखीत उभी राहिली. माझ्या झोपेत ती फट निसटली, हे तिला लगेच कळलं. ती तोंड उघडणार एवढ्यात धोंडबा म्हणाला, "मायाच हात चुकला."

एवढंच. आणि तिने ते राहू दिलं. झोप लागली म्हटलं की काहून लागली आलं, आणि मग कळमना आलं, बाळाचे दात आले. म्हणून राहू दिलं. पुढे त्याचे डोळे खरंच गेले, तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? रोशनीने चटकन सांगितलं, नवी फणी भरताना बाबांची एक फट सुटली होती, तेव्हापासूनच असणार, आम्हीच लक्ष दिलं नाही. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. रोशनी बाहेर येऊन रडली. प्रेमिला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि त्या हाताला काय वाटत होतं ते हातालाच माहीत.

फोन वाजला. रोशनीचाच.

"आई, काय करून राहिली वं?"

"बसली आहो."

"ताणा सांधू नको म्हटलं होतं ना मी तुले. कायले हातपाय तोडून घेते? मॅडम नाहीच घेणार आता. बाबांले पण समजते, पण ते बोलत नाहीत."

"जेवली काय तू?"

"तू विषय नको बदलू."

फोन ठेवल्यावर ती राखेच्या वाटीकडे पाहत राहिली. बाबांले पण समजते. मग उठली, हूक घेतला, उंबऱ्याच्या दगडावर पाणी टाकून त्याचं टोक घासायला लागली. असं काही ठरवून नाही. घासण्याचा आवाज आला तसा रहाट थांबला.

"काय घासून राहिली वं?"

"हूक."

"काहून? सांध ना तसाच. इतके दिस चाललं."

"चाललं नाई. दोन साड्या वापस आल्या. रेघेपासून काढतो म्हटलं सारं."

"एकटीनं नाई होत थे."

"मंग काय करता? तुमाले दिसते काय?"

"बोटाले दिसते," धोंडबा म्हणाला आणि खाटेवरून पाय खाली सोडून चपला चाचपायला लागला.

दुपारी जेवणं झाल्यावर दोघं बसले. फणीखाली तिने ओलं पोतं अंथरलं, खिडकीच्या जाळीवर पाणी मारलं. या उन्हात कोरडे धागे नुसत्या हाताने तुटतात. रेघेपासून उजवीकडचे सगळे धागे तिने फणीतून ओढून काढले. इतक्या वर्षांची नीट बसलेली ओळ क्षणात विस्कटून लोंबायला लागली तेव्हा तिला धसका बसला, हे काय करून बसले मी. पण आता मागे जाता येत नव्हतं. पलीकडे पाटावर धोंडबा, खांबाला पाठ टेकून. अलीकडे ती. आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की जागा बदलल्या आहेत. या बाजूने ती कधी बसलीच नव्हती. हुकाच्या मुठीवर त्याच्या बोटांचे खळगे होते, तिचा अंगठा त्यांत नीट बसेना.

त्याची बोटं मात्र चुकत नव्हती. दोन धागे निवडून चिमटीत पुढे येत, ती फटीतून हूक घालायची, धागे अडकायचे, ओढायची. हुकाला धाग्यांची किंचित ओढ लागते, मासा गळाला लागावा इतपतसुद्धा नाही, पण लागते. दहा झाल्या, पन्नास झाल्या. ज्या फटीसाठी हे सारं, ती तर पहिलीच भरून गेली होती, आणि भरताना तिला काही विशेष वाटलं नव्हतं. पाठ दुखायला लागली. ऐंशीच्या पुढे कुठे तरी धोंडबाच्या हातून धागा सुटला, तो चाचपडत होता, आणि तिने तालात हूक घातला आणि ओढला.

हूक रिकामा आला.

ती थांबली. रिकामा हूक असा हलका येतो... तिने मुद्दाम पुन्हा एकदा तसाच घालून ओढून पाहिला. पुन्हा तोच हलकेपणा, मनगटापर्यंत पोचणारा. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं. हे न कळणं शक्य नाही. डोळे मिटले असले तरी हाताला कळेल. तालात त्याला कळलं नसेल — या एका वाक्यावर तिने अकरा वर्षं काढली होती, आणि ते वाक्य ज्याने एकदा हा हूक हातात धरला त्याला खरं वाटलंच नसतं. त्याला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. त्याने पाहिलं असणार, मागे मी झोपले आहे.

"हं," पलीकडून धोंडबा म्हणाला. धागे पुढे आले होते. "घे ना."

तिने घेतले. पुढचे घेतले. त्याच्या पुढचे. हात चालत होते म्हणून बरं.

"आता धाग्याले वास नाई येत," धोंडबा मधूनच म्हणाला, आपल्याशीच बोलावं तसं.

"कशाचा?"

"मिरचीचा."

पुढचे दोन धागे चिमटीत येऊन थांबले. हूक फटीशी थांबला. गल्लीत कुणाच्या तरी कूलरचा पंप कोरडा घरघरत होता, पाणी संपलं होतं वाटतं. काही तरी बोलायला हवं होतं. मी कळमन्याले जात होती. तुमाले माहीत होतं? मंग बोलले काहून नाई? वाक्यं एकामागे एक तयार होऊन उभी राहिली, आणि तिला त्यांतल्या एकाचंही ओझं उचलवेना. तिने हूक घातला, धागे ओढले. धोंडबाने पुढचे दिले. त्यालाही उत्तर नको असावं. की त्याने उत्तर द्यायला जागा ठेवली होती आणि ती आपणच बुजवली?

मग राग आला. आधी रागच. मेला, सगळं माहीत असून रोज विचारायचा, बाळ कसं हाये! मी मोरीत हात घासून घासून सालपटं काढत होते, रोज नवं काही तरी रचत होते, आणि हा बसून ऐकत होता. एकदा तिला खोकल्याची ढास लागली, मिरचीच ती, थांबेचना, तेव्हा म्हणाला होता, बाळाले खोकला झाला वाटते, तुले लागला त्याचा. तिने हो म्हटलं होतं. किती सुटल्यासारखं वाटलं होतं तेव्हा! ते त्यानेच पुढे केलेलं होतं तर... चिमटीत धरून. मी नुसतं ओढून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरच्या फटी एकमेकींत मिसळल्या. पदराने डोळे पुसून ती पुन्हा वाकली. ज्याच्यापासून अकरा वर्षं लपवलं त्याच्या मुठीतच ते होतं, आणि लपवण्याचा सगळा शीण मात्र माझा एकटीचा. एकटीचा तरी कशावरून? डॉक्टरांसमोर त्यानेही तोंड उघडलं नव्हतं. डोळे तेव्हा चांगले होते, एवढं तर तो सांगू शकला असता. पोरगी रडत होती. तेव्हाही तो गप्प बसला, माझ्यासाठी. की त्याचा ताठा राहावा म्हणून? त्याच्या घरात मिरचीने भाजलेले हात आहेत हे त्याला बोलून दाखवायचं नव्हतं म्हणून? हे दोन धागे एकाच फटीतून गेलेले होते, आणि आता ते तिला वेगळे करता येत नव्हते.

ऊन खिडकीतून उतरून फणीच्या खालच्या कडेला लागलं. तीनशेच्या आसपास झाल्या असतील. मोजणं केव्हाच सुटलं होतं. एक गोष्ट मात्र तिला अजून उलगडत नव्हती: हूक रिकामा आल्याचं कळलं तर त्याने तीच फट पुन्हा का नाही भरली? इतका पक्का हात. शेजारच्या फटीत गेलाच कसा?

दोन धागे. हूक. दोन धागे. हूक... रिकामा.

"द्या ना," असं म्हणण्यासाठी तिने मान वर केली.

लोंबत्या धाग्यांच्या पलीकडे धोंडबाला झोप लागली होती. डोकं खांबाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. गळ्याची कातडी सैल पडली आहे, कानांत पांढरे केस वाढले आहेत, ते कापायचे राहून जातात, रविवारी न्हाव्याला सांगायला हवं. दाढीचे खुंट एका गालावर तसेच राहिलेले, आरसा दिसत नाही म्हणून. दोन्ही डोळे मिटल्यावर तो आंधळा वाटत नव्हता, नुसता दमलेला वाटत होता. बोटं मात्र पुढे आलेली तशीच होती, चिमटीत पुढचे दोन धागे धरून. झोपेतसुद्धा ते त्याने सोडले नव्हते. हाक मारावी म्हणून तिने श्वास घेतला, आणि मारली नाही. घटकाभर निजू दे. सकाळपासून बसला आहे. या वयात...

कूलरचा पंप बंद झाला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, किती वेळ ते कळलं नाही. आणि मग मांडीवर काही तरी टोचलं म्हणून खाली पाहिलं. हूक फटीतून केव्हाचा निसटून तिच्या मांडीवर पडला होता. समोर फणी होती, तिच्या सगळ्या फटी सारख्या. यांतली कोणती होती मघाची? ही, की हिच्या शेजारची? वाकून, नखाने चाचपून शोधावी लागणार होती. नाहीतर पुन्हा रेघ पडेल, साडी परत येईल, माग जाईल. हे सगळं तिला समजत होतं. पण तिची नजर त्या फटींवर ठरेना. फट सुटते ती अशी. माणूस फटीकडे पाहतच नसतो.

त्याला तेव्हा मी कशी दिसले असेन? केसांत मिरचीची साल असेल. तोंड असंच उघडं असेल.

तिने हूक उचलून पदरात ठेवला. शोधायची होती फट, शोधेलच ती, अजून दीडशे भरायच्या होत्या आणि ऊन होतं. पण आधी तिने ओंजळभर पाणी घेऊन त्याच्या पायापाशी पोत्यावर हळूच शिंपडलं, धागे कोरडे पडू नयेत म्हणून, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसली.